कापसाच्या खोलीतले उंदीर आणि धान्यात टाकायच्या गोळ्या

प्रश्न: आमचं गाव अमळनेर तालुक्यात. घर पुढून धाब्याचं (मातीच्या छपराचं), मागच्या दोन खोल्या स्लॅबच्या. पुढच्या खोलीत आठेक क्विंटल कापूस भरलाय, भाव चढेल म्हणून थांबलोय. दिवाळीपासून उंदरांनी नुसता उच्छाद मांडलाय. दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) पोत्यांना भोकं पाडली, बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) पिशवी फोडली, परवा फ्रिजची वायर कुरतडली. एक पिंजरा लावतो, त्यातली भाकरी रोज संपते पण उंदीर सापडत नाही. मांजर आहे, ते दूध पिऊन झोपतं. औषधाच्या वड्या टाकल्या, तर एक उंदीर कुठेतरी आत मेला आणि आठ दिवस घरात बसवेना. आता ह्यांनी दुकानातून धान्यात टाकायच्या गोळ्या आणल्यात. बिळात टाकून वरून लिंपून घेऊ म्हणतात. सासूबाई म्हणतात, गणपतीचं वाहन आहे, मारू नका. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. काय करावं?

उत्तर:

ताई, बाकी सगळं उद्या-परवा केलं तरी चालेल, गोळ्यांचं मात्र आजच बघा.

धान्यात टाकायच्या म्हणून मिळतात त्या गोळ्या बहुतेक वेळा ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. डबीवर बारीक अक्षरात हे नाव सापडेल. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून नुसत्या हवेतल्या ओलाव्याने सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो आणि फट मिळेल तिकडे सरकतो. तुम्ही बिळाचं एक तोंड लिंपणार, पण मातीच्या भिंतीत ते बीळ आणखी कुठेकुठे फुटलंय हे कोणी पाहिलंय? वायू बाहेर पडेल तो कदाचित मागच्या खोलीत, मुलाच्या अंथरुणापाशी. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीर तगवून धरायचा प्रयत्न करू शकतात. म्हणूनच या गोळ्या कोणाही गिऱ्हाइकाला विकायच्या नाहीत, प्रशिक्षण आणि परवाना असलेल्यांनीच वापरायच्या, असा नियम आहे. दुकानदाराने हातावर ठेवल्या म्हणजे त्या घरात चालतात असं होत नाही.

डबी फोडली नसेल तर जिथून आणली तिथे परत करा. फोडली असेल तर झाकण घट्ट लावून परत करा. मोरीत, उकिरड्यावर, नाल्यात टाकू नका. गोळीवर पाणी पडलं की वायू एकदम सुटतो आणि पेटही घेऊ शकतो. परत जाईपर्यंत डबी माणसं झोपतात त्या घरात नको. बाहेर कोरड्या जागी, कुलपात ठेवा. आणि पत्र लिहून झाल्यावर एखादी गोळी बिळात गेलीच असेल तर जाता जाता दारं-खिडक्या सताड उघडा आणि सगळे बाहेर पडा. बीळ उकरायला बसू नका, पाणी ओतू नका. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास नाही म्हणजे वायू नाही असं धरून चालू नका. मळमळ, उलटी, छातीत दाटणं, चक्कर यांतलं काहीही जाणवलं तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात गोळीचं नाव सांगा. मीठपाणी पाजून उलटी काढत बसण्यात वेळ घालवू नका. दादरच्या कोठीतही या गोळ्या टाकू नका, कोठी घरातच आहे.

आता उंदरांकडे वळू. तुमच्या पत्रातली एक ओळ फार कामाची आहे. पिंजऱ्यातली भाकरी संपते, उंदीर सापडत नाही. याचा अर्थ तुमच्याकडे बहुधा लहान जातीचा घरउंदीर आहे, ज्याला आपण सगळेच मोठ्या उंदराचं पिल्लू समजतो. पूर्ण वाढलेल्या या उंदराचं वजन १५ ते २० ग्रॅम असतं. बाजारातला तारेचा पिंजरा दीडशे-दोनशे ग्रॅमच्या उंदरासाठी बनवलेला असतो. लहान उंदराच्या ओढीने आकडा हलतच नाही, आणि हलला तरी तारांमधल्या फटीतून तो आला तसा निघून जातो. तुमचा पिंजरा रोज त्यांना जेवायला वाढतोय.

खात्री लेंडीवरून करा. जिऱ्याच्या दाण्याएवढी, म्हणजे ३ ते ६ मिलिमीटरची, टोकदार आणि सगळीकडे विखुरलेली असेल तर लहान घरउंदीर. १० ते १४ मिलिमीटरची, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती असेल तर मोठा उंदीर. तो धाब्याच्या कड्यांवरून (लाकडी तुळयांवरून), आढ्यावरून फिरतो आणि त्याच्या वाटेवर लाकडाला काळपट तेलकट डाग पडतात. गोठ्याच्या भिंतीखालून मातीचे ढीग निघत असतील तर ती घूस, तिचा बंदोबस्त निराळा. आणि लांब नाक, बारीक डोळे, चिकचिक आवाज, उग्र वास असेल तर ती चिचुंद्री. ती झुरळं, किडे खाते, धान्य किंवा वायर कुरतडत नाही. तिला जाऊ द्या.

वाट कुठली हे ओळखायला रात्री भिंतीच्या कडेने टाल्कम पावडरचा हातभर लांबीचा पातळ पट्टा टाका. कापसाच्या खोलीत दोन-तीन ठिकाणी, गॅसच्या ओट्याखाली, फ्रिजच्या मागे, मधल्या दाराशी. पीठ टाकू नका, ते खाऊन टाकतील. सकाळी बॅटरी जमिनीलगत आडवी धरून बघितलं की बारीक पावलं आणि शेपटीची रेघ स्पष्ट दिसते. जिथे पावलं दिसतील तिथेच चाप लावायचे. बाकी घरभर शोधाशोध नको. हा उंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही, तीन ते दहा मीटरच्या टापूतच त्याचं सगळं चालतं. खोलीच्या मधोमध ठेवलेला चाप त्याच्या वाटेत येतच नाही, कारण तो भिंत सोडून चालत नाही.

पिंजरा उचलून बाजूला ठेवा आणि लाकडी पाटीवर स्प्रिंगची तार असलेले लहान चाप आणा. एक-दोन नाही, वीस. आकडा मोठा वाटेल, पण कारण साधं आहे. मादीचा गाभण काळ १९ ते २१ दिवसांचा, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः गाभण राहण्याजोगी होतात. रोज एक उंदीर पकडून त्यांचा वेग गाठता येत नाही. पहिल्या चार-पाच रात्रींतच बहुतेक सगळे उचलले पाहिजेत. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याच्यासाठी चाप दोन-तीन रात्री न ताणता नुसता खाऊ घालून ठेवावा लागतो. लहान उंदीर उलट चौकस, नवीन काही दिसलं की हुंगायला येतो. तेव्हा त्याच्यासाठी पहिल्याच रात्री चाप ताणायला हरकत नाही.

आमिषाला भाकरी नको. दादरची पोती उघडी पडलेली असताना भाकरीचं त्यांना कसलं कौतुक? तेलकट आणि गोड असं काही द्या. भाजलेले शेंगदाणे कुटून त्यात चिमूटभर गूळ कालवा, हरभऱ्याच्या दाण्याएवढी घट्ट गोळी करा आणि चापाच्या पत्रीवर दाबून बसवा. वरून दोऱ्याचे दोन वेढे दिले तर नुसतं चाटून पळता येत नाही, ओढावंच लागतं. जास्त आमिष लावलं की कडेकडेने खाऊन उंदीर निसटतो. बाहेर सांगतात तसं कापसाचा बोळा बांधायची युक्ती तुमच्याकडे चालणार नाही, घरट्याला लागणारा कापूस त्यांना क्विंटलने मिळालाय.

चाप भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाचं टोक भिंतीकडे. दोन-दोन मीटरवर, आणि पावलं दाट असतील तिथे दोन चाप शेजारी शेजारी. कापसाच्या खोलीत दहा, स्वयंपाकघरात सहा, उरलेले मधल्या दाराशी आणि कोठीजवळ. प्रत्येक चापावर पेनाने १ ते २० आकडे घाला. मुलगा झोपल्यावर लावायचे, सकाळी तो उठायच्या आत मोजून उचलायचे. एक जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत मुलाला खाली सोडायचं नाही. दिवसा ठेवायचाच असेल तर भिंतीला फरशी तिरकी टेकवून, तिच्या पायाशी वीट लावून, आत सरकवा.

सकाळी चाप काय सांगतो तेही बघा. आमिष गेलं आणि चाप उडाला नाही, तर खटका कडक आहे, काडी टोकाला जेमतेम अडकेल इतकी सैल लावा. चाप उडाला आणि उंदीर नाही, तर आमिष जास्त झालंय किंवा चापाचं तोंड उलटं आहे. तीन रात्री कोणी शिवलंच नाही, तर जागा चुकली, दीड-दोन मीटर सरकवा. वापरलेला चाप फिनाईलने धुऊ नका, आधीच्या उंदराच्या वासाने दुसरा येतो. मेलेला उंदीर हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालून उचला, पिशवी तशीच उलटी करून गाठ मारा आणि विहिरीपासून लांब फूट-दीड फूट खड्ड्यात पुरा.

चिकटपट्टी मात्र आणू नका. उंदीर तिच्यावर तासन्‌तास जिवंत तडफडतो, त्या भीतीने लघवी करत राहतो, आणि पाली, चिमण्या, कधी पोराचा हातही त्यात अडकतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही राज्यांना तिच्या वापराविरुद्ध सूचना दिल्या आहेत. पिंजऱ्यातला उंदीर बादलीत बुडवण्याची पद्धतही तितकीच वाईट. आणि नेऊन दुसऱ्याच्या शेतात सोडणं म्हणजे आपली पीडा शेजाऱ्याच्या कापसात. नीट लावलेला चाप क्षणात मारतो, त्याहून कमी त्रासाचा उपाय घरात नाही.

हे सगळं केलंत तरी खरं दुखणं पुढच्या खोलीत आहे. मोकळा कापूस म्हणजे ऊब, आडोसा आणि आतली सरकी म्हणजे खाणं. शेतं मोकळी होऊ लागतात त्याच दिवसांत आपण घरात कापूस भरतो, म्हणून दिवाळीनंतर खानदेशात घरोघरी हाच त्रास सुरू होतो. ढीग भिंतीला टेकलेला असेल तर त्यामागे काय चाललंय हे कोणालाही दिसत नाही. मुठीएवढा कापसाचा गोळा, त्यात पोत्याचे सुतळीचे धागे आणि बिबड्यांच्या पिशवीचे कपटे गुंफलेले, आणि आत बोटाच्या पेराहून लहान गुलाबी पिल्लं. असं घरटं ढिगाच्या तळाशी भिंतीकडच्या कोपऱ्यात सापडेल.

शक्य असेल तर कापूस शेडमध्ये हलवा, नाहीतर निदान स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत सोडा. ढीग चारी भिंतींपासून हात-दीड हात, म्हणजे किमान ४५ सेंटिमीटर, आत घ्या, खाली पाट्या किंवा विटांवर फळ्या टाकून ताडपत्री अंथरा. ही मोकळी पट्टी रोज झाडून कोरडी ठेवलीत की नवी लेंडी लगेच दिसते, मांजरालाही पळायला जागा मिळते, आणि चाप लावायला तर तीच जागा. ढीग हलवायच्या आधी भिंतीकडेने दहाही चाप लावून ठेवा, कारण हलवताना ते कडेकडेनेच पळणार. काम दिवसा, दार उघडं ठेवून, तोंडाला फडकं बांधून करा, आणि मुलाला त्या वेळी शेजारी पाठवा. लघवीने पिवळा पडलेला, लेंड्या मिसळलेला कापूस वेगळा काढा, सगळ्यात मिसळला तर व्यापारी अख्ख्या मालाचा भाव पाडतो. चढणाऱ्या भावाची वाट बघताना हा तोटाही हिशेबात धरा.

त्या खोलीतली वीज बोर्डापासून बंद करा. उंदराने सोललेली वायर आणि शेजारी कापूस, एवढी गोष्ट आगीला पुरते. दिवा हवाच असेल तर बॅटरी वापरा, बिडी तर त्या दारात नकोच. फ्रिजच्या वायरला नुसती टेप गुंडाळू नका, तेवढा तुकडा बदलून घ्या. आणि गॅसची नळी आजच बघा. साधी रबरी नळी उंदीर सहज कुरतडतात. आत पोलादी तारेची जाळी असलेली आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी घ्या, तीही पाच वर्षांनी बदलायची. साबणाचा फेस लावून फुगे येतात का पाहा आणि रात्री रेग्युलेटर बंद करत चला.

आता भोकं. साधी पेन्सिल जिथून आरपार जाते तिथून हा उंदीर जातो, ६-७ मिलिमीटरची फट त्याला पुरे. सगळी भोकं एकदम बुजवली तर आतले उंदीर नवी वाट कोरतात किंवा भिंतीत मरतात, म्हणून क्रम सांभाळा. आधी घराबाहेरून आत येणाऱ्या फटी, मग चाप, आणि चापात काही येईनासं झालं की आतली भोकं. कुठलं बीळ चालू आहे हे बघायला संध्याकाळी प्रत्येकात कागदाचा बोळा कोंबा. सकाळी ज्याचा बोळा बाहेर पडलेला दिसेल ते चालू.

स्लॅबच्या खोल्यांत भोकात स्टीलची तारेची घासणी घट्ट कोंबा आणि वरून एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा भरा. नुसतं सिमेंट ओलं असताना ते उकरतात. फोम, थर्मोकोल, चिंध्या यांचा काहीच उपयोग नाही. धाब्याच्या मातीच्या भिंतीला मात्र सिमेंट धरत नाही, वाळलं की पापुद्र्यासारखं सुटतं आणि त्याच्याच मागे नवं बीळ तयार होतं. तिथे दगडाच्या कपच्या ठोकून बसवा, वर पाव इंची भोकांची जस्ती जाळी खिळ्यांनी मारा आणि त्यावर नेहमीच्या मातीचं लिंपण करा. भिंतीच्या पायाशी फूटभर उंचीची अशी जाळीची पट्टी सलग मारून घेतलीत तर पुढची काही वर्षं निवांत. कड्या जिथे भिंतीत शिरतात तिथल्या खाचा बघा, उन्हाळ्यात धाब्यावर खारी माती टाकायला माणूस येईल तेव्हा वरच्या कडाही दाबून घ्या.

दाराखाली फट असेल तर दाराच्या बाहेरच्या अंगाला जस्ती पत्र्याची पट्टी ठोका, जमिनीपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा राहू नये. नुसती रबरी पट्टी आठवड्यात फस्त होते. मोरीच्या तोंडाला पाव इंची जाळी लावा, पाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथला गोल भरा. पत्र्याचं छप्पर कुठे असेल तर पन्हाळीची तोंडं मोकळी असतात, तीही.

दादर आधी चाळून पाखडून घ्या. लघवीने भिजलेला, गठ्ठा झालेला भाग फेका, गुरांनाही नको. बाकीची धुऊन कडक उन्हात वाळवून पत्र्याच्या कोठीत भरा. कोठीचं वरचं झाकण सगळे बघतात, खालचं धान्य काढायचं तोंड कोणी बघत नाही. त्याचं झाकण सैल असेल तर तिथूनच शिरकाव होतो. कोठीत मावत नाही ती पोती १५-२० सेंटिमीटर उंच पाटीवर, भिंतीपासून लांब. कडुलिंबाचा पाला किड्यांसाठी ठीक, उंदराला त्याचं काही नाही. हा उंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅमच खातो, पण नासवतो त्याच्या कितीतरी पट. कुरतडलेल्या पिशवीतले बिबडे तळून खाऊ नका, टाकून द्या. उरलेले, पापड-कुरडयांसकट, स्टीलच्या डब्यात. गुरांची सरकी-ढेप झाकणाच्या ड्रममध्ये. गोठ्यात मेजवानी चालू असेल तर घरातले चाप किती दिवस पुरणार? पाणी तोडून ते जातील अशी आशा ठेवू नका, धान्यातल्या ओलाव्यावरही हे उंदीर तग धरतात.

वड्यांबद्दल. तुम्ही टाकल्या त्या बहुधा ब्रोमाडिओलोनच्या. त्याने रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, त्याला वाटेल तिथे मरतो. म्हणजे भिंतीत किंवा कापसात. तुमच्या घराला ते विष म्हणूनच सोयीचं नाही. गोठ्याच्या बाहेर, कुलपाच्या विषपेटीत ठेवलं तर चालेल, उघड्यावर कधीच नाही. विष खाल्लेले उंदीर मांजराने पुन्हापुन्हा खाल्ले तर तेही दगावू शकतं. मुलाने वडी तोंडात घातल्याची शंका जरी आली तरी वेष्टण घेऊन दवाखान्यात जा. यावर के१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण लक्षणं दोन-तीन दिवस दिसत नाहीत म्हणून थांबू नका. ट्यूबमधली पेस्ट मिळते ती तर घरात आणूच नका. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो, खाल्ल्यावर माणूस एक-दोन दिवस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होतं. काळी भुकटी, झिंक फॉस्फाईड, शेतासाठी आहे, शेतातच राहू द्या. आणि प्लगला लावायची आवाजाची यंत्रं, कापूर, डांबरगोळ्या यांवर पैसे घालवू नका. डांबरगोळ्या तर मूल तोंडात घालतं.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे आणि मास्क घाला, लिटरभर पाण्यात साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीनेक चमचे, ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी लेंड्यांवर शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि मग ओल्या फडक्याने पुसा. त्यात संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. पुढच्या महिनाभरात कोणाला जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा, लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार त्यांच्या लवकर मनात येईल. एक वेगळी खूण लक्षात ठेवा. चाप नाही, विष नाही, तरी उंदीर आपोआप पटापट मरून पडू लागले तर हात लावू नका, आरोग्य केंद्रात कळवा. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली होती, आणि खानदेशातल्या कितीतरी घरांचं कोणी ना कोणी सुरतेला असतं, तेव्हा जुन्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

सासूबाईंशी वाद घालू नका. फटी बुजवणं, पोती उंच ठेवणं, डबे बंद करणं यात मारणं कुठेच नाही, आणि हे जितकं नीट होईल तितके चाप कमी लागतील. लिंपणाचं काम त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येत असेल, त्यांच्याच देखरेखीखाली होऊ द्या. मांजरालाही दोष नाही, दिसणारे उंदीर ते कमी करतं, भिंतीतल्यांपर्यंत त्याचा पंजा पोचत नाही. संध्याकाळचं दूध सकाळवर ढकलून बघा.

सलग दोन आठवडे चाप रिकामे आणि पावडरवर पाऊल नाही, तरच संपले म्हणायचं. तरी चार चाप लावलेले ठेवा. आणि कापूस विकायला निघेल त्या दिवशी सावध राहा. ढीग उचलला की आत उरलेसुरले असतील ते एका दिवसात बेघर होतात आणि सरळ मागच्या खोल्यांकडे धावतात. गाडी भरायच्या आदल्या दिवशीच मधल्या दाराखालची पट्टी ठोकून झालेली हवी, आणि त्या रात्री वीसच्या वीस चाप दोन्ही खोल्यांच्या भिंतीकडेने लावा.